फुलीखालच्या दोन रेघा

फायर ब्रिगेडमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला किस्से शोधत जावं लागत नाही. चहाची वेळ झाली की कोणीतरी म्हणतो, "नाना, ती कराडची गंमत सांगा की," आणि मग एकातून दुसरा निघत जातो. शौर्याचे किस्से त्यात फार थोडे. ते सांगताना आपण जरा फुगवतो, हेही कबूल. फजितीचे मात्र पोत्यानं! रिटायर झालो तेव्हा वाटलं, आता यात भर पडायची थांबेल. तर साळुंखे मॅडम भेटल्या.

साळुंखे मॅडम कराडच्या. विशेष मुलांच्या शाळेत आयुष्य घातलेल्या. त्यांनी साताऱ्यात आणि सांगलीत पोलीस, होमगार्ड, ॲम्ब्युलन्सवाले आणि आमचे फायरवाले यांच्यासाठी दोन-दोन दिवसांचे वर्ग सुरू केले. ज्यांचं अपंगत्व वरून दिसत नाही, अशा माणसांना संकटात मदत कशी करायची, हा विषय. हातात काठी नाही, बगलेत कुबडी नाही. माणूस तुमच्या-आमच्यासारखाच दिसतो, आणि आपण तिथंच फसतो.

मॅडम मला म्हणाल्या, "नाना, तुम्ही खात्यातले. तुमचं ऐकतील." ऐकतात कसले! पण माझं काम सोपं होतं. फळ्यावर लिहायचं आणि स्वतःच्या चुका सांगायच्या. साठा भरपूर होता.

मॅडमनी वर्गाला एक रीत घालून दिलीय. प्रात्यक्षिकात कोणी चुकला की त्याची चूक त्याच्या नावासकट फळ्यावर लिहायची. त्यानं ती गोष्ट नीट करून दाखवली की डस्टर त्याच्याच हातात द्यायचा. आपली चूक आपण पुसायची. दुसऱ्यानं पुसलेली चालत नाही.

लिहिणारा मी. अक्षर बरं आहे, पण एक खोड आहे. काहीही लिहिलं की खाली दोन रेघा ओढायच्या आणि दुसऱ्या रेघेचं शेपूट वर वळवायचं. स्टेशनच्या रजिस्टरात लागलेली सवय. मॅडम म्हणतात, "नाना, एक रेघ पुरते हो!" पण हात ऐकत नाही.

*

पहिला वर्ग साताऱ्यात. समोर तीस होमगार्ड. मॅडमनी विचारलं, "एसटी स्टँडवर एखाद्याला फिट आली, तर काय कराल?"

पहिल्या बाकावरचे तिघं उत्तर द्यायच्या आधीच खाली वाकले. मला कळेना. एक जण मान वर करून म्हणतो, "मॅडम, आमच्या पायात बूट हायत. बूट चालतोय का चप्पलच लागती?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मला माझा किस्सा सांगायचा होता. कराडच्या स्टँडवर इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक फिट येऊन पडले होते, आणि योगायोगानं मी तिथंच वडापाव खात होतो. गणवेश अंगावर! मग काय, मी ताबा घेतला. दोन चपला आल्या, भेळवाल्याकडनं कांदा आला. कांदा मीच बुक्कीनं फोडला. हातपाय झाडताहेत म्हणून त्यांचा उजवा हात गुडघ्याखाली दाबून धरला. लोक म्हणाले, "व्वा साहेब!"

प्राध्यापक शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "आजवर पुष्कळदा फिट आली. पण कोशिंबीर पहिल्यांदाच!"

हा किस्सा मी कित्येक वर्षं इथवरच सांगायचो. पुढचं मला मॅडमकडून कळलं. फिट आलेल्या माणसाला दाबून धरायचं नसतं. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि वाट बघायची, बस. माझ्या गुडघ्यानं त्यांचा खांदा निखळला होता. त्यानंतर त्यांना फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नव्हतं म्हणे. हे कळल्यापासून मला त्या कोशिंबिरीवर हसू येत नाही.

*

सांगलीच्या पहिल्या वर्गात मॅडमनी एका बाईंना शिकवायला बोलावलं. रझियाभाभी. शिवणकाम करतात. लहानपणी तापात दोन्ही कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. समोरच्याचे ओठ वाचून इतकं नीट बोलतात, की ऐकू येत नाही यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

"मला ऐकू येत न्हाई म्हटलं, की लोकं आणखी जोरात वराडत्यात," भाभी म्हणाल्या. "जोरानं कशाला? तोंड माझ्याकडं करा आन् बोला. माझ्याकडनं एवढंच शिकायचं हाय."

मग त्यांनी पुराची गोष्ट सांगितली. घर दुमजली, पिठाच्या गिरणीला लागून, निळा दरवाजा. नवरा लेकीला घेऊन विट्याला नातेवाईकांकडं गेलेला. भाभी गिऱ्हाइकांची कापडं वरच्या मजल्यावर नेत होत्या. बोट कधी आली आणि कधी गेली, त्यांना कळलंच नाही. नंतर दुसरी बोट गल्लीच्या तोंडाशी दिसली. भाभींनी साडी हलवली. पण बोटवाले भिंतींवरच्या खुणा बघत होते. लाल फुली म्हणजे घर रिकामं. ते तिथनंच वळले.

"पाणी चढतंय का उतरतंय, त्याचा आवाज मला येईना," भाभी सांगत होत्या. "मग जिन्याच्या पायरीवर पाय ठिवून बसले. पाय भिजला की एक पायरी वर. दोन दिवस. अकरा पायऱ्यांतल्या नऊ गेल्या."

तिसऱ्या दिवशी त्यांचा नवरा कोणाची तरी काहील घेऊन स्वतः आला. तीच ती, गूळ करायची मोठी कढई. तिच्यात बसवून त्यानं त्यांना बाहेर काढलं.

मी फळ्याशी उभा होतो. गिरणी, निळा दरवाजा. त्या गल्लीत पहिल्या बोटीच्या पुढच्या टोकाला मीच होतो. शिट्टी मारायची, "कोण हाय का?" अशा तीन हाका मारायच्या, आणि उत्तर आलं नाही की सज्जाखाली लाल रंगाची फुली मारून पुढं जायचं. आमची पद्धतच ती. त्या पुरात आम्ही पुष्कळ माणसं काढली, नंतर सत्कार झाला, हार पडले. आणि ही बाई वर पायरीवर पाय ठेवून बसली होती.

तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. भाभी माझ्याकडंच बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा सांगू का सगळ्यांना?"

भाभींनी मान डोलावली. मग त्या बराच वेळ फळ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, अक्षर आवडलं असेल.

*

तेव्हापासून भाभी प्रत्येक वर्गाला येतात. साताऱ्याच्या पुढच्या वर्गात हवालदार माने होते. मानेंच्या मिशा म्हणजे प्रकरण आहे! वरचा ओठ कोणी पाहिलेला नाही, बायकोनं सुद्धा.

प्रात्यक्षिक असं होतं, की मानेंनी भाभींना जळत्या इमारतीतून बाहेर पडायचा रस्ता सांगायचा. माने तोंडाकडं तोंड करून, सावकाश, अगदी नियमानं बोलले. भाभी म्हणाल्या, "भाऊ, मिशा हालताना दिसत्यात. शब्द कुटं दिसंना."

फळ्यावर लिहावं लागलं: माने, मिशा. दुसऱ्या दिवशी माने आले, भाभींसमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी मिशा वर उचलून धरल्या. "आता दिसतंय का?"

"दिसतंय की," भाभी म्हणाल्या, "पर मलाच हसू याय लागलंय, वाचू कशी?"

दुपारच्या सुट्टीत माने गायब. आले तेव्हा वरचा ओठ मोकळा! डस्टर घेऊन फळा पुसता पुसता म्हणाले, "साहेबानं मेमो दिला तवा बी काढल्या न्हवत्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मनात आलं, हा माणूस एका दिवसात मिशा उतरवतो, आणि आपल्याला मिशाच नाहीत, तरी एक वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही.

*

फलटणचे एक रिटायर सुभेदार वर्गात अनुभव सांगायला आले होते. त्यांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात. एकदा साखर कारखान्याच्या गेटवर त्यांची शुगर एकदम उतरली. पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली, अंगाला दरदरून घाम.

गेटवरच्या बंदोबस्ताला वाटलं, सुभेदार टाकून आले! एकानं दंड धरला, दुसऱ्यानं तोंड हुंगलं. वास येईना. म्हणून तिसऱ्याला बोलावलं, त्याचं नाक चांगलं म्हणे! तोवर सुभेदार खाली बसलेले.

उसाच्या ट्रॅक्टरवरच्या एका बाईनं ओळखलं. तिच्या सासूला शुगर होती. तिनं जवळचा गूळ त्यांच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं सुभेदार उठून बसले, आणि पलटणीतला आवाज लागला:

"साखर कारखान्याच्या दारात मानूस साखरंवाचून मराय लागलाय, आन् तुमी तीन-तीन जनं माझं तोंड हुंगताय!"

वर्ग हसून हसून लोळला. सुभेदार हसले नाहीत. म्हणाले, "गड्यांनो, तीस वर्सं बर्फात काढली, घाबरलो न्हाई. त्या दिवशी घाबरलो. शुद्ध होती, समदं कळत हुतं. आजूबाजूला गावातली मानसं. ती बी म्हनत हुती, ह्या वयात शोभतं का!" आणि मग खाली बघून म्हणाले, "नात हुती बरुबर. तिनं बी ऐकलं."

हुंगणाऱ्यांतला एक त्याच वर्गात बसला होता. तो उठला, पुढं आला आणि सुभेदारांच्या पाया पडला. सुभेदारांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "पाया कशाला? खिशात गूळ ठेव."

त्या माणसाचा मला हेवा वाटला. एका मिनिटात मोकळा झाला.

*

मी नोकरीत असतानाची गोष्ट. स्टेशनला फोन यायचा. उचलला की पलीकडनं, "आ… आ… आ…" आमचा ऑपरेटर म्हणायचा, "चेष्टा करतोय कोणतरी," आणि ठेवायचा. असं एका दिवशी लागोपाठ तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी फोन मीच ठेवला.

अर्ध्या तासानं एक माणूस मोटरसायकलवरून आला. चेहरा काळा, सदरा करपलेला. त्याची कडब्याची गंजी पेटली होती, आणि तो अडखळत बोलणारा होता. घाबरला की जास्तच. 'आग' हा शब्द काही तोंडातून सुटत नव्हता.

आमच्यापुढं उभा राहून त्यानं आम्हाला ज्या शिव्या घातल्या! पिढ्यान्‌पिढ्या आल्या त्यात, आणि एकदाही अडखळला नाही! ऑपरेटर हळूच म्हणाला, "फोनवर हेच बोलला असता, तर बंब कवाच निघाला असता."

आम्ही हसलो. गंजी पूर्ण गेली होती, आणि जनावरांना उन्हाळा काढायचा होता. आम्ही हसलो, हे मी वर्गात सांगतो. सांगायचं ठरवलंय.

*

विट्याजवळचं एक कुटुंब. वडील परराज्यात सोनं गाळायच्या दुकानात, घरी आई आणि पंचविशीतला मुलगा, अनिकेत. ऑटिझम. शहाणा, शांत, फक्त मोठा आवाज सहन होत नाही.

स्वयंपाकघरात सिलेंडर पेटला. आमचा बंब सायरन वाजवत दारात. अनिकेत पलंगाखाली शिरला. आई ओरडतेय, "आवं, त्यो भोंगा बंद करा, मग त्यो आपसूक भाईर येतोय!"

ड्रायव्हर मला म्हणतो, "नाना, भोंगा बंद केला तर लोकांना कळणार कसं, फायर ब्रिगेड आलीय?" दारात उभा असलेला लाल बंब कोणाला दिसणार नव्हता, देव जाणे! शेवटी आम्ही दोघांनी पाय धरून त्याला ओढून काढलं. आग विझली. अनिकेत पुढं कित्येक दिवस खोलीबाहेर आला नाही.

मॅडमनी ओळख काढून मायलेकांना एकदा स्टेशनवर बोलावलं. अनिकेत बंबात चढला, सगळी बटणं बघितली, आणि कोणी काही म्हणायच्या आत सायरन दाबला. मिनिटभर! आम्ही सगळे कानावर हात ठेवून उभे.

"अरं, तुला चालतोय का आवाज?" मी विचारलं.

"मी वाजवला तर चालतो," अनिकेत म्हणाला.

*

एकदा साताऱ्याहून सांगलीला एसटीनं निघालो. भाभी शेजारच्या सीटवर. म्हटलं, आज सांगायचंच. कराड मागं पडलं तसा मी घसा खाकरला, तोंड नीट त्यांच्याकडं केलं आणि सुरुवात केली, "भाभी, त्या पुराच्या वेळी…"

"नाना, गाडी हालतीया," भाभी म्हणाल्या. "ओठ कळंनात. लिहून द्या." आणि पिशवीतली मापं लिहायची वही आणि पेन माझ्या हातात दिलं.

याहून सोपं काय असणार? बोलायचं नव्हतं, बघायचंही नव्हतं. एक ओळ लिहायची होती. मी पेन धरून बसलो. पेठ नाका आला. शेवटी लिहिलं, "उद्याचा वर्ग किती वाजता?" आणि सवयीनं खाली दोन रेघा.

भाभींनी वाचलं. खाली लिहिलं, "दहा. तुमीच सांगितलंय." आणि वही मिटून पिशवीत ठेवली. पुढं सांगलीपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

*

परवाचा सांगलीचा वर्ग. मॅडमनी नवीन प्रात्यक्षिक ठेवलं, पुरात घर तपासायचं. हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावला, त्याच्यामागं भाभी पाठमोऱ्या बसल्या. आमच्याच स्टेशनचा एक जवान आला. शिट्टी मारली. "कोण हाय का?" तीन हाका मारल्या, पडद्यावर खडूनं फुली मारली आणि पुढं निघाला.

मॅडम म्हणाल्या, "बोट बाजूला लावून आत डोकावलास का? नाही ना? नाना, लिहा चूक. नावासकट."

जवान वैतागला. "मॅडम, ह्यात चूक काय? नानांनीच शिकवलंय आमाला हे. तीन हाका आन् फुली!"

वर्ग हसला. भाभी पडदा बाजूला करून पुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मी फळ्याकडं वळलो, खडू घेतला आणि त्या जवानाचं नाव लिहायच्या ऐवजी माझं लिहिलं. सर्जेराव पवार. आणि हात फळ्यावर तसाच ठेवून बोलत सुटलो. गिरणीशेजारचं घर मीच तपासलं. हाका मीच मारल्या. फुली मीच मारली. पहिल्या दिवशी भाभींनी गोष्ट सांगितली तेव्हाच मला कळलं होतं आणि मी चहा सांगितला. नऊ पायऱ्या, रोज आठवतात. भाभी, चुकलो मी. सगळं बोललो.

मागनं खुर्चीवर बोटांची टकटक झाली.

"नाना," भाभी म्हणाल्या, "तोंड इकडं करा. मला काय बी कळलं न्हाई."

शंभर वेळा शिकवलेला नियम! आणि मी पाठ फिरवून बोललो होतो. सगळ्या वर्गाला कळलं होतं, फक्त जिला सांगायचं तिला सोडून.

मी वळलो. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा तेवढं लांबण लावलं नाही. म्हणालो, "भाभी, तुमच्या घरावर फुली मारणारा मी."

भाभी माझ्या ओठांकडं बघत होत्या. मग उठल्या. माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्याशी गेल्या. माझ्या नावाखाली एक फुली काढली. फुलीखाली एक रेघ, तिच्याखाली दुसरी, आणि दुसरीचं शेपूट वर वळवलं. भिंतीवरच्या फुलीखालीही रेघा होत्या, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी खडू ठेवला, डस्टर उचलला, माझ्या हातात दिला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.